कोकानी माशासाठी माशी

नदीकाठच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना एक गोष्ट मान्य करावी लागते. गळाने मासे धरण्याच्या बाबतीत वर्गातली निम्मी मुले आपल्यापेक्षा जाणकार असतात. कोणत्या डोहात काय लागते, गांडूळ लावायचे की कणकेची गोळी, ऊन चढल्यावर मासा का लागेनासा होतो, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. या मुलांना एक कोडे घालून पाहा. एक मासा आहे, चांगला दीड वीत लांबीचा. त्याचे रोजचे अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे एक-दोन मिलिमीटरचे जीव. असला जीव आमिष म्हणून आकड्याला टोचता येणार नाही, कारण नेहमीच्या वापरातला बारीक आकडासुद्धा त्याच्याहून कितीतरी मोठा. मग हा मासा गळाने धरायचा कसा?

मुले बहुधा म्हणतील, जाळे टाकू. उत्तर चुकीचे नाही. पण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन, आयडाहो, ऑरेगॉन, मॉन्टाना अशा राज्यांत असंख्य हौशी लोक हा मासा गळानेच धरतात. त्यांतले काही जण तर आमिषही लावत नाहीत. आकड्यावर दोरा, पिसे आणि जर गुंडाळून ते एक खोटा कीटक तयार करतात आणि तो पाण्यात सोडतात. या खोट्या कीटकाला ते ‘माशी’ म्हणतात, मग तो माशीसारखा दिसो वा न दिसो. आणि त्या माशाचे नाव आहे कोकानी. (आपल्या कोकणाशी या नावाचा काही संबंध नाही. त्या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या सेलिश भाषांमधून ते आले आहे.)

ही माशी कशी बांधतात एवढेच पाहायचे म्हटले तरी आपल्याला सरोवराचे तापमान, पाण्यातला उजेड आणि माशाचा डोळा यांची विचारपूस करावी लागते. कोकानी काय खातो, कुठे खातो आणि केव्हा खातो, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय माशी बांधता येत नाही. यांतला पहिलाच प्रश्न सोडवून बाकीचे दोन सोडून दिले तर काय होते, याचा एक मोठा आणि महागडा प्रयोग मॉन्टानातल्या एका सरोवरात नकळत होऊन गेला आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

समुद्राला न जाणारा सॅमन

सॅमन मासे गोड्या पाण्यात जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला परत नदीत येतात, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पॅसिफिक महासागरातल्या सॅमनांपैकी एक जात सॉकआय, शास्त्रीय नाव ऑन्कोऱ्हिंकस नेर्का. याच जातीचे काही मासे समुद्राला जातच नाहीत. ते आयुष्यभर सरोवरात राहतात. तेच कोकानी. म्हणजे कोकानी ही वेगळी जात नाही, सॉकआयचेच ते घरकोंबडे रूप आहे. हिमयुगातल्या हिमनद्या मागे हटल्यानंतर निरनिराळ्या सरोवरांत हे रूप स्वतंत्रपणे अनेकदा निर्माण झाले असावे, असे त्यांच्या आनुवंशिक अभ्यासातून दिसते. समुद्रातले भरपूर खाणे न मिळाल्यामुळे कोकानी लहानच राहतो. साधारण पंचवीस ते चाळीस सेंटिमीटर लांब, वजन अर्धा किलो म्हणजे बरा. ऑरेगॉनच्या वॅलोवा सरोवरात २०१० साली सुमारे ४.४ किलोचा कोकानी गळाला लागला आणि तो विक्रम ठरला, पण तो अपवाद.

तीन-चार वर्षांचा झाला की शरद ऋतूत तो ओढ्यात किंवा सरोवराच्या गोटेरी काठाशी अंडी घालतो आणि मरतो. सॉकआयचे हे वैशिष्ट्य त्याने सोडलेले नाही. आणखी एक गोष्ट त्याने सोडलेली नाही, ती म्हणजे सॉकआयचे कल्ले.

पुढच्या वेळी बाजारातून मासा आणला तर त्याच्या कल्ल्याची कमान कापून वर्गात दाखवा. तिच्या एका बाजूला श्वसनाचे लाल तंतू असतात, तर आतल्या बाजूला कंगव्यासारखे कठीण दात. घास पाण्याबरोबर कल्ल्यांतून बाहेर निसटू नये यासाठी ही चाळणी असते. मोठे भक्ष्य खाणाऱ्या माशात हे दात थोडे, आखूड आणि विरळ. कोहो जातीच्या सॅमनात पहिल्या कमानीवर ते वीस-पंचवीस असतात. सॉकआय आणि कोकानीत ते तीस ते चाळीस, लांब, बारीक आणि दाट. चाळणीच्या छिद्रांवरून गिरणीत काय दळले जाते ते कळावे, तसे या दातांवरून कळते की हा मासा प्राणिप्लवक खातो. त्याच्या पोटात सापडतात ते डाफ्निया, म्हणजे जलपिसू, आणि सायक्लॉप्ससारखे अरित्रपाद.

इथे एक गैरसमज दूर करू. चाळणी आहे म्हणजे मासा तोंड उघडून पाणी गाळत फिरतो, असे वाटेल. कोकानी तसे करत नाही. तो प्रत्येक जलपिसू डोळ्यांनी पाहतो, नेम धरतो आणि टिपतो. दिवसभरात असे हजारो घास. म्हणजे अन्न सूक्ष्म असले तरी शिकार नजरेची आहे. माशी बांधणाऱ्याला जी काही आशा आहे ती याच वाक्यात.

वसंतातली बारीक माशी

कोकानीला थंड पाणी लागते. साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते. आता सरोवराचे वर्ष डोळ्यांसमोर आणू. हिवाळ्यात वर बर्फ, खाली ४ अंशांचे जड पाणी. वसंतात बर्फ वितळते, वरचे पाणीही ४ अंशांवर येते, वारा सगळे सरोवर ढवळून टाकतो. पुढचे काही आठवडे पृष्ठभागाजवळचे पाणी हळूहळू दहा अंशांकडे सरकत असते, तेव्हा कोकानी वर असतो. जून संपता संपता वरचा थर अठरा-वीस अंशांवर जातो. हे कोमट हलके पाणी खालच्या थंड जड पाण्यावर तेलासारखे बसते आणि दोन्हींच्या मधल्या काही मीटरांत तापमान झपाट्याने उतरते. कोकानी मग या उताराच्या पातळीत जातो, पंधरा, वीस, कधी तीस मीटर खाली. काठावर उभे राहून फेकलेल्या हलक्या माशीने त्याला गाठण्याचे दिवस म्हणून फार थोडे.

पण या थोड्या दिवसांत निसर्ग गळवाल्याला एक सवलत देतो. याच काळात सरोवराच्या तळातून कायरोनोमिड नावाच्या कीटकांचे कोश वर येऊ लागतात. कायरोनोमिड दिसतो डासासारखा, पण चावत नाही. आपल्याकडेही पाणवठ्याजवळच्या दिव्याभोवती त्यांचे थवे असतात. त्याची अळी चिखलात राहते. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून तिच्या शरीरात चक्क हिमोग्लोबिन असते आणि ती रक्तासारखी लाल दिसते. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळते ती हीच. अळीचा कोश झाला की तो संथपणे पृष्ठभागाकडे चढतो. त्याच्या कातड्याखाली वायू साठतो, त्यामुळे अंगावर चंदेरी झाक येते. डोक्याशी श्वसनाचे पांढरे झुपके असतात. लांबी सेंटिमीटरभर किंवा थोडी कमी-जास्त. जलपिसूच्या मानाने हा कोश म्हणजे पंगतीतला लाडू, आणि वसंतात कोकानीच्या पोटात तो सापडतो.

आणि सेंटिमीटरभर लांबीचा आकडा मिळतो! आता माशी बांधता येईल. ही कृती आम्ही स्वतः करून पाहिली आहे. पहिल्या दोन माश्या पाण्यात पडताच उसवल्या, कारण शेवटची गाठ नीट बसली नव्हती. तेव्हा तिसऱ्या प्रयत्नाची पद्धत सांगतो.

बारीक आकडा वाकाजवळ छोट्या वाइसमध्ये पकडायचा, दांडी आडवी आणि मोकळी राहील असा. शिवणाचा बारीक लाल दोरा नेढ्यामागे धरून त्याचेच वेढे त्याच्या टोकावर घ्यायचे, म्हणजे गाठ न मारता दोरा अडकतो. वेढ्याला वेढा लावत वाकापर्यंत जायचे. तिथे बारीक चंदेरी जरीचे टोक अडकवायचे आणि दोरा परत नेढ्याकडे आणायचा. दांडीवर लाल, सडपातळ, किंचित निमुळते अंग तयार झाले. आता जर मोकळ्या वळणांनी पुढे आणायची, पाच-सहा वळणे पुरेत. ही झाली कोशाची वलये आणि वायूची झाक, दोन्ही एकदम. नेढ्याच्या मागे मोरपिसाच्या कडेचे एक केसर तीन-चार वेळा गुंडाळले की फुगीर छाती होते. छातीपुढे पांढऱ्या लोकरीचा दोन मिलिमीटरचा झुपका, म्हणजे कोशाचे श्वसनाचे झुपके. शेवटी दोऱ्याचा फास करून तो स्वतःवरच चार-पाच वेळा गुंडाळायचा, ओढायचा, कापायचा आणि त्यावर नखपॉलिशचा थेंब. वाळले की माशी तयार.

एक माहिती जाता जाता. मोरपीस तर आपले झालेच, पण अटलांटिक सॅमनसाठी युरोपात जुन्या काळापासून ज्या दिमाखदार माश्या बांधत, त्यांत सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेची पिसे असत. त्या पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात, ते माशाला डोळ्यासारखे वाटतात असा समज. त्या हौसेपायी हे पक्षी फार मारले गेले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण मिळाले. कोकानीच्या माशीला त्या पिसाची मुळीच गरज नाही.

बांधलेली माशी टाकायची कशी, हे बांधण्याइतकेच महत्त्वाचे. कोश पोहत नाही, तो चढतो. म्हणून लांब, बारीक तंगुसाला माशी बांधून तरंगणाऱ्या बोंडाखाली हव्या त्या खोलीवर लोंबकळत ठेवतात. वाऱ्याच्या लहरींनी बोंड वर-खाली होते, तेवढी हालचाल पुरते. नवशिका माणूस दोरी सारखी ओढतो आणि मासा लागत नाही म्हणून माशी बदलत बसतो. लागलाच तर त्याला हिसका देऊन चालत नाही. कोकानीच्या तोंडाची कड कागदासारखी नाजूक असते, आकडा फाडून निसटतो.

लाल रंग खोलात कुठे जातो?

उन्हाळ्यात मासा वीस मीटर खाली असतो तेव्हा ही बारीक माशी उपयोगाची नाही. गळवाले तेव्हा जड, बुडणाऱ्या दोरीने किंवा दोरीला शिशाचे वजन लावून माशी खोल नेतात आणि होडीमागून अगदी सावकाश, ताशी दीड-दोन किलोमीटर वेगाने ओढतात. ही माशी कोशासारखी नसते. तीन-चार सेंटिमीटर लांब, पिसांची लवलवती शेपटी, जरीचे अंग आणि रंग भडक गुलाबी किंवा नारिंगी. पाहणाऱ्याला वाटते, माशी नव्हे, बाहुलीचा दागिना आहे. पण हे रंग निवडण्यामागे भौतिकशास्त्र आहे, आणि ते आठवीच्या वर्गातही सांगता येते.

पाणी लाल प्रकाश शोषते. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश साधारण दर दोन मीटरला निम्मा होतो. मुलांना फळ्यावर आकडेमोड करू द्या: २ मीटरवर निम्मा, ४ वर पाव, ६ वर अष्टमांश, ८ वर सोळावा भाग, १० मीटरवर बत्तिसावा, म्हणजे जेमतेम ३ टक्के. वीस मीटरवर हजारातला एक भाग. उलट ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शुद्ध पाण्यात १० मीटरवर निम्म्याहून अधिक उरतो आणि निळा त्याहूनही अधिक. खऱ्या सरोवरात शैवाल आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये निळा प्रकाश खातात, त्यामुळे खोलवर बहुधा हिरवा किंवा निळसर हिरवा उजेड असतो.

लाल वस्तू लाल दिसते ती तिच्यावर पडलेला लाल प्रकाश ती परत पाठवते म्हणून. वीस मीटर खाली परत पाठवायला लाल प्रकाशच नाही. म्हणून दुकानात उठून दिसणारी साधी लाल माशी तिथे काळी पडते. मग नारिंगी आणि गुलाबी माशी का चालते? कारण तो नारिंगी साधा नसतो, प्रतिदीप्त असतो. प्रतिदीप्त रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि त्यातली थोडी ऊर्जा ठेवून घेऊन उरलेली जास्त तरंगलांबीच्या, म्हणजे नारिंगी प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकते. वरून नारिंगी प्रकाश आला नाही तरी बिघडत नाही, तो तिथल्या तिथे तयार होतो. तिथून माशाच्या डोळ्यापर्यंतचा प्रवास मीटर-दीड मीटरचा, तेवढ्यात तो फारसा शोषला जात नाही. सॅमनवर्गीय माशांच्या डोळ्यांत लाल-नारिंगी प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी असतात. सभोवार हिरवट अंधूक पाणी आणि त्यात एकच नारिंगी ठिणगी, असे ते दृश्य माशाला दिसत असणार. चंदेरी जरीचे तसे नाही. ती मिळेल तोच प्रकाश परतवते, म्हणून खोलात ती हिरवट चमकते.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. खोलीत अंधार करा. टॉर्चवर निळ्या जिलेटीन कागदाचे चार-पाच थर लावा, निळा एलईडी दिवा मिळाला तर उत्तमच. एका काळ्या पुठ्ठ्यावर साधा लाल दोरा आणि नारिंगी हायलायटर पेनाने रंगवलेला पांढरा दोरा शेजारी शेजारी चिकटवा. दिवसाउजेडी दोन्ही रंगीत दिसतात. निळ्या उजेडात लाल दोरा काळवंडतो, हायलायटरचा दोरा नारिंगी पेटतो. मुलांना आधी अंदाज बांधायला सांगा, मग दिवा लावा. (काही लाल-गुलाबी कापडी रंगही थोडे प्रतिदीप्त असतात, तेव्हा दोरा आधी तपासून घ्या. आमचा पहिला ‘साधा’ लाल दोरा असाच फसवा निघाला होता.)

पण तो घेतो का?

दिसणे आणि घेणे यांत फरक आहे. जलपिसू टिपणाऱ्या माशाने आपल्या अन्नाच्या वीसपट लांबीची गुलाबी वस्तू तोंडात का घ्यावी? गळवाल्यांकडे उत्तरे तयार असतात. माशाला राग येतो, किंवा त्याला कुतूहल वाटते, असे ते सांगतात. आम्हाला ‘राग’ हे उत्तर वसंतातल्या, थव्याने शांतपणे चरणाऱ्या कोकानीच्या बाबतीत पटत नाही. अन्नाशी जोडलेले उत्तर जास्त सयुक्तिक वाटते. अनेक अरित्रपाद आपल्या शरीरात नारिंगी-लाल कॅरोटिनॉइड द्रव्ये साठवतात, तेव्हा नारिंगी ठिपका म्हणजे अन्न ही खूण या माशाच्या डोळ्याला अपरिचित नाही. ब्रिटनमधल्या जलाशयांत रेनबो ट्राउट मासे जेव्हा जलपिसू खाण्यात गुंग असतात, तेव्हा तिथले लोक त्यांना नारिंगी गोळ्यासारखी भडक माशी दाखवतात आणि ती लागू पडते. एकेक जलपिसू बनवता येत नाही, तर निदान नजर खेचणारा ठिपका तरी बनवावा, असा हा व्यवहार आहे.

कॅरोटिनॉइडांचा धागा पुढेही जातो. अंडी घालायच्या वेळी कोकानीचे अंग लालभडक होते. तो लाल रंग त्याने आयुष्यभर अरित्रपादांतून गोळा केलेल्या ॲस्टाझँथिनचा असतो. सरोवरात हे द्रव्य समुद्राच्या मानाने कमी, तरीही कोकानी समुद्रातून आलेल्या सॉकआयइतकाच लाल होतो. क्रेग आणि फूट या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून याचा उलगडा होतो. समुद्रगामी सॉकआयची पिल्ले कॅरोटिनॉइड कमी असलेल्या गोड्या पाण्यातल्या आहारावर वाढवली तर मोठेपणी ती लाल न होता हिरवट राहतात. कोकानी मात्र तेवढ्याच तुटपुंज्या द्रव्यातून लाल होतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने त्याची हे द्रव्य उचलण्याची क्षमता वाढली आहे. आणि ही निवड कोण करते? माशांच्या प्रतिकृती ठेवून केलेल्या प्रयोगांत विणीच्या हंगामातल्या नरांनी लाल प्रतिकृतींना पसंती दिली. उन्हाळा संपताना ओढ्यांच्या मुखाशी जमणारे कोकानी खाणे जवळजवळ थांबवतात आणि तरीही लाल-गुलाबी माशीवर झडप घालतात. या वेळी मात्र ‘राग’ म्हणणाऱ्या गळवाल्यांशी आम्ही वाद घालणार नाही.

दोन सेंटिमीटरचा घास

आता त्या महागड्या प्रयोगाकडे वळू.

ब्रिटिश कोलंबियातल्या कूटने सरोवरात १९४९ साली मायसिस नावाचा कोळंबीसारखा प्राणी आणून सोडला गेला. लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास. हेतू होता ट्राउट माशांना खाणे पुरवण्याचा. ट्राउटना फारसा लाभ झाला नाही, पण सरोवराच्या पश्चिमेकडच्या फाट्यात कोकानी हे मायसिस खाऊ लागले आणि भलतेच मोठे झाले. १९६० च्या दशकात ही बातमी पसरली. कोकानी मायसिस खातो, खाऊन मोठा होतो, मग आपल्याही सरोवरात सोडू या, असे अनेक ठिकाणच्या मत्स्यखात्यांना वाटले. एक मिलिमीटरच्या जागी दोन सेंटिमीटरचा घास. हिशेब सरळ दिसत होता.

मॉन्टानात १९६८ पासून पुढच्या काही वर्षांत फ्लॅटहेड सरोवराच्या वरच्या अंगाला असलेल्या काही लहान सरोवरांत मायसिस सोडले गेले. प्रवाहाबरोबर वाहत ते खाली आले आणि १९८१ मध्ये फ्लॅटहेडमध्ये प्रथम आढळले. फ्लॅटहेडमध्ये कोकानी मूळचा नव्हे, १९१६ साली आणलेला. पण तो तिथे छान रुजला होता. दर शरदात हजारो कोकानी ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या मॅकडोनाल्ड ओढ्यात अंडी घालायला चढत. १९७९ ते १९८५ या वर्षांत त्यांची संख्या २६ हजार ते १ लाख १८ हजार यांच्या दरम्यान होती. त्यांच्यावर ताव मारायला टकले गरुड जमत. १९८१ साली एका वेळी ६३९ गरुड मोजले गेले होते.

१९८६ च्या सुमारास फ्लॅटहेडमध्ये मायसिसची दाटी दर चौरस मीटरला शंभराच्या वर गेली. कोकानीची चंगळ व्हायला हवी होती. १९८७ साली ओढ्यात चढलेले कोकानी होते ३३०. १९८९ साली ५०. त्या वर्षी गरुड २५.

कारण मायसिसच्या दिनक्रमात होते. मायसिस उजेड टाळतो. दिवसा तो तळाशी, अंधारात बसतो. रात्री वर येतो आणि जलपिसू खातो. कोकानीची शिकार नजरेची, तो दिवसा आणि संधिप्रकाशात, वरच्या आणि मधल्या पाण्यात चरतो. म्हणजे कोकानी जागेवर असतो तेव्हा मायसिस नसतो, आणि मायसिस वर येतो तेव्हा कोकानीला तो दिसत नाही. दोघांची गाठ पडत नाही, पण दोघांचे ताट एकच. मायसिसने जलपिसू फस्त केले आणि कोकानीच्या वाट्याचे संपले. भरीस भर म्हणजे तळाशी राहणाऱ्या लेक ट्राउट माशाला दिवसा तळात बसलेला मायसिस आयताच मिळाला. त्याची पिल्ले जगली, संख्या वाढली, आणि मोठे झालेले लेक ट्राउट उरल्यासुरल्या कोकानीवर पडले. १९९३ ते १९९७ या काळात हॅचरीतले कोकानी लाखांनी सोडून पाहिले. ते लेक ट्राउटच्याच पोटात गेले.

मग कूटनेच्या त्या फाट्यात वेगळे काय होते? मुख्य सरोवर खोल आहे, आणि त्याचे पाणी पश्चिमेकडे बाहेर पडताना एका उथळ उंबऱ्यावरून जाते. रात्री वर आलेले मायसिस या प्रवाहात सापडत आणि उंबऱ्यावरून उथळ फाट्यात लोटले जात. तिथे दडायला खोल तळ नाही. उजाडले की ते कोकानीच्या समोर. ‘कोकानी मायसिस खातो’ हे विधान खोटे नव्हतेच, पण ते त्या उंबऱ्यापलीकडे खरे होते. फाट्यातल्या माशांचे पोट फाडून पाहणाऱ्याला मायसिस दिसला, उंबरा दिसला नाही.

कोलोरॅडो राज्यातही काही धरणांच्या जलाशयांत मायसिस सोडले गेले होते. फ्राइंगपॅन नदीवरचे रूडी धरण त्यांतले एक. या धरणाचे पाणी तळाजवळच्या दारांतून सुटते. त्याबरोबर मायसिस खाली नदीत फेकले जातात आणि धरणाखालचे ट्राउट ते खाऊन गलेलठ्ठ होतात. तिथले गळवाले त्यासाठी खास माशी बांधतात. जिवंत मायसिस काचेसारखा पारदर्शक असतो, फक्त काळे डोळे दिसतात. मेला की तो पांढराफेक पडतो. दारांतून आपटत आलेले मायसिस बहुतेक मेलेले असतात, म्हणून ती माशी पांढऱ्या दोऱ्याची बांधतात आणि नेढ्याजवळ दोन काळे ठिपके देतात.